कुंपण काढायचं होतं, फाइल अडली पुरातत्त्वाच्या टेबलावर

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात शिकारीला खुल्या असलेल्या केंद्र सरकारच्या माळावरचं जुनं काटेरी कुंपण काढायचं असेल, तर तार कापणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. चार तारांचं मैलभर कुंपण म्हणजे चार मैल तार. नवी तार 1,320 फुटांच्या भेंडोळ्यात मिळते, त्या हिशेबाने 16 भेंडोळी. साडेसोळा फुटांवर एक खांब धरला तर खांब 320. हात भरपूर असले आणि खांब उपटायचे दोन जॅक मिळाले की शनिवार-रविवारात हे काम उरकतं. घोडं पेंड खातं ते परवानगीत.

स्वयंसेवकाचा फॉर्म भरणं, मूळचा चराईदार, म्हणजे त्या माळावर गुरं चारायचा परवाना असलेला पशुपालक शोधणं, त्याची संमती घेणं, हे सगळं सुरळीत झालं. (आपल्यातल्या एच-1बी मंडळींनी नागरिकत्वाचा आणि व्हिसाचा रकाना मोकळा सोडू नये. प्रकार स्पष्ट लिहावा आणि समन्वयकाशी आधीच बोलून घ्यावं.) मग फाइल त्या जमिनीच्या कार्यालयातल्या पुरातत्त्वाच्या टेबलावर गेली आणि तिथेच बसली.

त्यामागचा कायदा 1966 चा. केंद्राच्या जमिनीवर काही उपटायचं, खणायचं असेल तर ऐतिहासिक वारशाला धक्का लागतो का हे आधी तपासावं लागतं, आणि 50 वर्षांहून जुनी गोष्ट साधारणपणे त्या तपासणीत येते. आता माळावरची बरीच कुंपणं 1934 च्या चराई कायद्यानंतर उभी राहिलेली. म्हणजे ज्या गंजक्या तारेत दरवर्षी हरणं अडकतात, तीच तार कागदोपत्री ‘संभाव्य वारसा’! तपासणीला माझा विरोध नाही. खांबाच्या बुडाशी जुन्या वस्तीचे दगडी अवशेष निघू शकतात, हे खरंच आहे. चीड येते ती याची, की अर्जात काय हवं ते कोणी आधी सांगत नाही. एकदा नकाशा मागतात, मग खांबांचे फोटो, मग गाडी कुठून नेणार ते. दर वेळी फाइल पुन्हा रांगेच्या शेपटाला.

आणि उशीर म्हणजे नुसता उशीर नाही, अख्खं वर्ष जातं. 15 मार्च ते 30 जून सेज ग्राउस या माळावरच्या पक्ष्याचा विणीचा काळ, 15 नोव्हेंबर ते 30 एप्रिल हरणांचा हिवाळी मुक्काम. या दोन्ही काळांत अशा पट्ट्यांत काम बंद. उरतात जुलै ते नोव्हेंबरचा मध्य. त्यातही जुलै-ऑगस्टला गवत वाळून कोरडं ठाक झालेलं, ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. सप्टेंबर-ऑक्टोबरला बंदुकीच्या शिकारीचा मोसम. ऑक्टोबरअखेर मंजुरी हातात आली तर तिचा उपयोग पुढल्या जुलैत.

शेवटी गाडी हलली ती दोन वाक्यांनी. एक, लाकडी खांब उपटणार नाही, जमिनीलगत करवतीने कापू, म्हणजे माती हलणार नाही. दोन, वाहन फक्त आधीपासूनच्या चाकोरीवरून नेऊ, तिथून पुढे तार खांद्यावर आणू. हे पहिल्याच अर्जात लिहा. सोबत दोन्ही टोकांचे जीपीएस आकडे, दर पाव मैलाला एक फोटो, आणि काट्यांची वीण दिसेल असा तारेचा अगदी जवळून एक फोटो. वीण पाहून तारेचं वय काढतात. अर्ज डिसेंबरात टाका. तेव्हा पुरातत्त्वाची माणसं मैदानात नसतात, टेबलाशी असतात.

चराईदाराला कुंपण अजून लागत असेल तर काढायचा हट्ट धरू नका, बदलून घ्या. प्राँगहॉर्न हा हरणासारखा प्राणी वाऱ्यासारखा धावतो, पण उडी मारायला राजी नसतो. तो तारेखालून सरपटत जातो. म्हणून सर्वांत खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून किमान 16 इंच, शक्यतो 18 इंच वर. वरची तार 40 ते 42 इंचांपेक्षा उंच नको, आणि वरच्या दोन तारांत 12 इंच अंतर हवं. अंतर कमी पडलं तर उडी मारणाऱ्या म्यूल डिअर जातीच्या हरणाचा मागचा पाय दोन तारांत पिळला जातो आणि जनावर तसंच लटकून मरतं. कुठली जागा आधी घ्यायची ते तारच सांगते: खालच्या काट्यांना पोकळ, ठिसूळ, मोडके केस लागलेले दिसले की ती प्राँगहॉर्नची रोजची वाट.

कापायच्या आधी ताण सोडा, हे राहिलं. आधी खांबावरच्या क्लिपा आणि यू-खिळे काढायचे, मग खांबाजवळ तार कापायची. कापताना तार परतून येईल त्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. चामड्याचे हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या. दगडाखाली हात घालण्याआधी काठीने चाचपा, रॅटलस्नेक असतो. शेवटी चाकाचं लोहचुंबक फिरवून खिळे गोळा करा. गाईच्या पोटात एक तुकडा गेला तरी आतड्यापर्यंतही न जाता जठरातच रुतून बसतो, आणि पुढच्या वेळी तो पशुपालक संमती देणार नाही.

पशुपालक नाराज होऊ नये, हे फाटकालाही लागू. माणसांची ये-जा सोपी करायची म्हणून तारेचं फाटक ठेवलं आणि ते इतकं ताणलं की एकट्याने उघडून पुन्हा लागत नाही, तर शिकारी ते उघडंच टाकून जातात. गुरं पांगतात, दोष आपल्यावर येतो. ओढून लावायचा लिव्हर बसवा, नाहीतर सरळ लोखंडी नळीचं फाटक घ्या. सरकारी जमिनीवर कोणी ‘प्रवेश बंद’ची पाटी ठोकलेली दिसली तर ती स्वतः काढू नका. फोटो आणि जीपीएस आकडा कार्यालयाला पाठवा.

काम राज्याच्या वन्यजीव खात्याबरोबर असेल तर हजेरीपत्रकाकडे दुर्लक्ष नको. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या करातून जो पैसा येतो, त्यात प्रकल्पाच्या खर्चाचा 75 टक्क्यांपर्यंत वाटा केंद्राचा असतो. उरलेल्या 25 टक्क्यांत स्वयंसेवकांचे तास धरता येतात. पण ‘दिवसभर’ असं लिहिलेलं चालत नाही. सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, कामाचं स्वरूप आणि प्रत्येकाची सही, त्याच दिवशी, गाड्या निघायच्या आत घ्या.

आणि भंगारवाल्याला आधीच फोन करा. लाकडाचे तुकडे अडकलेली काटेरी तार बरेच जण घेत नाहीत.