मे महिन्यात मुरमाच्या उड्या: लॉ कॉलेज चौक ते वाडीपलीकडे

नागपूरच्या लॉ कॉलेज चौकातून पहाटे पावणेपाचला सायकलनं निघालं की अमरावती रोडने वाडी ओलांडून मुरमाच्या उड्या रचलेल्या प्लॉटपर्यंत पोचायला चाळीस मिनिटं लागतात. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. मोठ्या चाकाच्या सायकलवाल्याला हे हसण्यासारखं वाटेल, पण बीएमएक्सचा, म्हणजे उड्या मारायच्या बुटक्या सायकलचा, हिशोब वेगळा. चाक वीस इंची, पुढे २५ दात, मागे ९, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम साडेचार मीटर जाते. मिनिटाला ऐंशी फेरे मारले तरी ताशी एकवीसच्या वर जात नाही, आणि तो वेग चाळीस मिनिटं टिकत नाही. सीट इतकी खाली असते की बसून मारली तर गुडघे छातीला लागतात. त्यामुळे उभ्यानं चार फेरे, मग जरा घरंगळणं, पुन्हा चार फेरे असं जायचं. पोचल्यावर उडायला पाय शिल्लक राहिले पाहिजेत.

वाटेत सावध राहायच्या गोष्टी दोन. वाडी हे ट्रान्सपोर्टचं गाव, रात्रभर आलेले ट्रक पहाटे गोदामांसमोर वळत असतात. मागचा लाल दिवा नसेल तर निघूच नका, कारण बुटकी सायकल ट्रकवाल्याला आरशात दिसत नाही. दुसरी, कुत्री. पळवायला गेलात तर २५-९ च्या गिअरवर कुत्रंच जिंकतं. उतरायचं, सायकल मध्ये धरायची, चार पावलं चालायचं. बहुतेक कुत्र्यांचा रस तिथेच संपतो.

विद्यापीठ परिसराजवळ उजाडायला लागतं. देशभरच्या मातीचं सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था याच रस्त्यावर आहे, आणि तिच्या फाटकासमोरून पहाटे फावडं बांधून पोट्टे जातात यात एक गंमत आहे. कारण इथल्या उड्यांचं सगळं बरंवाईट मातीवरच ठरतं. नागपूर दोन जमिनींच्या सांध्यावर बसलंय: पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना ग्नाइस. बेसाल्ट झिजून मुरूम होतो, आणखी झिजून काळी कापसाची माती होते. मुरमावर उडता येतं. काळ्या मातीवर मे महिन्यात साधं चालतानाही पाय मुरगळतो, कारण ती पाणी सुटलं की आकसते आणि दोन-दोन बोटं रुंद भेगा पडतात. वीस इंची चाक त्या भेगेत बसलं की स्वार हँडलवरून पुढे. मोठं चाक अशी भेग ओलांडून जातं, छोटं तिच्यात उतरतं.

म्हणून पोचल्यावर आधी सायकल आडवी ठेवून रन-अपची, म्हणजे उडीआधी वेग घ्यायची, पट्टी पायी चालायची. रात्रीतून उघडलेली भेग दिसली तर चाळलेला कोरडा मुरूम तिच्यात ओतायचा, सब्बलीच्या टोकानं खाली दाबायचा, पुन्हा ओतायचा. काळ्या मातीचा चिखल करून भेग बुजवू नका. दुपारी तोच चिखल वाळतो, आकसतो आणि एका भेगेच्या दोन होतात.

उड्यांवर रात्री झाकलेली ताडपत्री काठीनं उचलायची, हातानं नाही. रात्रभर ओल धरलेली जागा विंचवालाही आवडते.

ही ओल हाच या सगळ्या प्रकाराचा जीव. सकाळी चांगलं उडता येणार की नाही हे आदल्या संध्याकाळी ठरतं. नागपूरचा मे म्हणजे दुपारी ४४-४५ अंश, त्यात लू. दिवसभरात लिपचा, म्हणजे उडी सुटते त्या कडेचा, वरचा इंचभर थर पार कोरडा होऊन त्याचा फुफाटा होतो. त्या फुफाट्यावर मागचं चाक सरकतं आणि उडी सरळ जात नाही. सकाळी येऊन पाणी मारलं तर ते वरचं वर राहतं. खाली कोरडं, वर पापडी, आणि तिसऱ्या-चौथ्या उडीला पापडी सोलून निघते. म्हणून पाणी सूर्य मावळल्यावर, सात-साडेसातला मारायचं. एका जोडीला, म्हणजे लिपचा चढ आणि पलीकडे उतरायचा ढीग (लँडिंग) मिळून, २५ ते ३० लिटर पुरतं. तीन जोड्या आणि रन-अपचा शेवटचा तुकडा मिळून पाण्याचे वीस लिटरवाले पाच कॅन धरा. ओतायचं नाही, शिंपायचं. झाडांची झारी उत्तम. नसेल तर जुन्या डब्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडा. दोन हात देऊन दहा मिनिटं थांबायचं, मग तिसरा. त्यावर ओला बारदाना आणि बारदान्यावर ताडपत्री, कडेला दगड. नुसती ताडपत्री टाकली तर रात्रीच्या वाऱ्यात ती फडफडून लिपची कड झिजवते.

बीएमएक्सवरून पाच कॅन जात नाहीत, तेव्हा प्लॉटवर २०० लिटरचा झाकणवाला ड्रम ठेवावा लागतो. टँकरवाल्याकडून दिवसाआड भरून घ्या. आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासा, नाहीतर डासांची पैदास होईल आणि प्लॉटमालकाच्या बोलण्याला उत्तर राहणार नाही. परवानगीशिवाय कुठल्याही ले-आऊटच्या मोकळ्या प्लॉटवर फावडं लावू नका. चौकीदार काकांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं की पहाटे बॅटरीचा उजेड तोंडावर येत नाही. याच कारणानं जागेचा नेमका पत्ता इथे दिलेला नाही.

ओल बरोबर आहे का, हे मुठीत कळतं. लिपच्या बाजूची माती मूठभर घेऊन दाबायची आणि गोळा गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. दोन-तीन तुकडे झाले तर उडा. भुगा झाला तर कोरडी आहे, झारी फिरवून वीस मिनिटं थांबा. नुसता चपटा झाला तर जास्त ओली आहे. अशा वेळी चाकाची चाकोरी पडते आणि दिवसभरात ती विटेसारखी वाळते.

नवीन जोडी उभी करणाऱ्यांसाठी मापं. पहिल्या डबलला, म्हणजे मध्ये पोकळी असलेल्या जोडीला, लिप एक मीटर उंच आणि लिप ते लँडिंग आठ फूट एवढंच ठेवा. लिपची वक्रता डोळ्यांनी काढायची नाही. आठ बाय चारचा जुना प्लाय जमिनीवर आडवा टाका, सव्वातीन मीटरची दोरी खिळ्याला बांधून त्यावर कंस काढा आणि कापून साचा करा. एक मीटर उंचीला तळाची लांबी साधारण २.३५ मीटर येते, म्हणजे तो प्लायमध्ये बरोबर बसतो, आणि वरच्या कडेला कोन ४५ अंशांच्या थोडा पुढे जातो. माती रचताना साचा दर थोड्या वेळानं लावून बघा. नुसत्या अंदाजानं केलेल्या लिपचं शेवटचं वीतभर हमखास जास्त उभं होतं, आणि तेवढंच मागचं चाक वर फेकून स्वाराला नाकावर टाकतं. लँडिंग लिपएवढंच उंच, उतार मात्र सौम्य, तीस-पस्तीस अंशांचा, आणि रुंदी लिपपेक्षा हातभर जास्त.

अशा एका जोडीला चोपलेली माती पाच-साडेपाच घनमीटर लागते. सैल मुरूम चोपल्यावर बसतो, म्हणून अडीच ते तीन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मागवा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास येतो. मुरूम गौण खनिज आहे, तेव्हा ट्रॉलीवाल्याकडे रॉयल्टीची पावती मागा; स्वस्तातला बिनपावतीचा मुरूम पुढे प्लॉटमालकाच्या गळ्यात पडतो. रचताना वीतभरापेक्षा जाड थर घालायचा नाही. थर, पाणी, धुमस. पुन्हा थर, पाणी, धुमस. सगळा ढीग एकदम ओतून वरून कितीही चोपला तरी तो पोटातून सैल राहतो, आणि आठवड्याभरात चढाच्या मध्यावर खळगा पडतो. चाक तिथे दबलं की उडीचा जोर गेलाच. वरच्या दोन इंचांसाठी वाळूच्या चाळणीतून चाळलेला मुरूम पाच घमेली आणि काळी माती एक घमेलं असं मिसळा. चिकटपणाला तेवढी काळी पुरे. दोन घमेली घातलीत की भेगा आल्याच.

आता वेगाचं. आठ फूट ओलांडायला लिपवर ताशी १८-१९ लागतो, पण मीटरभर चढताना वेग मोडतो, म्हणून पायथ्याशी २४-२५ हवा. घर्षण सोडलं तर एवढा वेग अडीच मीटर उंचीवरून घरंगळत आल्यावर मिळतो; मुरमावर प्रत्यक्षात तीन मीटरचा रोल-इन, म्हणजे घरंगळत उतरायचा उंचवटा, धरा, किंवा सपाट जमिनीवरून जोरात पाच-सहा फेरे. नवखा माणूस शेवटचे दोन फेरे मारत नाही. भीतीनं पाय आपोआप थांबतात, आणि मग मागचं चाक लँडिंगच्या कडेवर आपटतं. याला केस म्हणतात. केसमध्ये सायकल बरेचदा वाचते, टाच आणि मनगट वाचत नाही. म्हणून पहिल्या दिवशी मधली पोकळी झाका. वाडीच्या गोदामांबाहेर मोडकी लाकडी पॅलेट मिळतात. विचारून दोन आणा, खिळे ठोकून सपाट करा आणि लिप ते लँडिंग टेकवा. त्यावरून दहा वेळा अंदाज आल्यावरच काढा.

हवा ४५ पीएसआयच्या आसपास ठेवा, वजन जास्त असेल तर ५०. रात्री २५ अंशांत ४५ भरलेली ट्यूब उन्हात ६० अंशांपर्यंत तापली तर आकडा ५२ च्या घरात जातो. ट्यूब तेवढ्यानं फुटत नाही, पण जुन्या पंक्चरच्या ठिगळाचा डिंक मऊ होतो आणि ठिगळ सरकतं. सायकल बाभळीखाली सावलीला लावू नका. सावलीसोबत काटे फुकट मिळतात. पंक्चर काढताना टायर आतून चिंधीनं पुसा, बोटानं नाही, म्हणजे मोडलेल्या काट्याचं टोक चिंधीला अडकेल. जादा ट्यूब सायकल बाजारात सहज मिळते, पण आकडा नीट वाचा: २० × १.७५, १.९५ किंवा २.१२५ असं दशांशात लिहिलेलं चालतं. २० × १ ३/८ असं अपूर्णांकात लिहिलेलं घेऊ नका. ती वेगळ्या, मोठ्या रिमची ट्यूब आहे.

पिशवीत १७ चा पाना मागच्या ॲक्सलला, १५ चा पुढच्याला, ५ आणि ६ चा ॲलन, दोन टायर लिव्हर, ठिगळं, छोटा पंप. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, तो घट्ट करायला डावीकडे फिरवावा लागतो हे घाईत विसरायला होतं. चेनला मध्यावर बोटानं दाबल्यावर सेंटिमीटरभर ढील असावी. तेल अगदी थोडं, आणि पुसून. मुरमाची धूळ तेलात मिसळली की तिचं घासकागदासारखं काम सुरू होतं आणि पाहता पाहता ९ दातांचा ड्रायव्हर, म्हणजे मागचं छोटं दातेरी चाक, टोकदार होतो.

साडेपाचच्या सुमारास सूर्य वर येतो. तिथून आठपर्यंतची वेळ तुमची. दोन-दोन उड्या मारून पाच मिनिटं थांबायचं, तेवढ्यात लिपवरची सैल धूळ झाडूनं काढायची. आठनंतर कड पांढुरकी दिसू लागते. तेव्हा आणखी एकच म्हणत राहिलेला माणूसच बहुधा पडतो. पाणी माणशी तीन लिटर न्या. त्यातल्या एका लिटरात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने. घाम येणं थांबून अंग तापलं, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सावलीत न्या, कपडे भिजवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बरळणाऱ्या माणसाला पाणी पाजू नका. हेल्मेट पूर्ण डोक्याचं आणि नडगीचे पॅड न घालता कोणी आलं असेल तर त्याच्या हातात फावडं द्या.

निघण्याआधी लँडिंगवरचे खड्डे तेव्हाच भरा, संध्याकाळसाठी ठेवू नका. ओली माती ओल्या मातीला धरते. मग ताडपत्री, दगड आणि तोंडाला दुपट्टा बांधून परत. तर्री-पोहे परतीच्या वाटेवर, उडायच्या आधी नाही. पोटात तर्री घेऊन उडणाऱ्याला तिची चव दोनदा कळते.

दुपार कूलरसमोर जाते. स्पोक घट्ट करायचे, हेडसेटची, म्हणजे हँडलच्या मानेतल्या बेअरिंगची, धूळ पुसायची, साच्याला भिंतीशी टेकवून बघायचं की कोन अजून दोन अंश कमी केला तर काय होईल. २५ मेच्या आसपास नवतपा सुरू झाला की घरातली मोठी माणसं म्हणतात, जितका तापेल तितका पाऊस चांगला. शेतकऱ्यासाठी हे ऐकायला बरं वाटतं. ड्रम भरणाऱ्याला त्या नऊ दिवसांत एकाच्या जागी दोन वेळा झारी फिरवावी लागते, एकदा सातला आणि एकदा रात्री दहाला.

अवकाळीची सर आली तर दुसऱ्या दिवशी जाऊच नका. रन-अपची काळी माती टायरला अशी चिकटते की चाक फोर्कमध्ये अडकून थांबतं, आणि ओल्या लिपवर उठलेला एकेक ठसा पुढे आठवडाभर पुरतो. मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, जोड्यांच्या वरच्या बाजूनं वीतभर खोल चर खणून पाणी बाजूला वळवा, लिपवर बारदाना न ठेवता फक्त ताडपत्री घट्ट बांधा, पॅलेट आणि ड्रम चौकीदार काकांच्या खोलीमागे ठेवा, आणि प्लायचा साचा मात्र घरी आणा. तो भिजला की फुगतो आणि ऑक्टोबरात कंस जुळत नाही.