अकरा मिनिटं

त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये अकरा मिनिटं नाहीत. ती माझ्यामुळे नाहीत. बावीस वर्षांच्या धंद्यात माझ्याकडून गडबडी पुष्कळ झाल्या, पण मुद्दाम केलेली ही एवढीच.

मी साउंडवाला. श्रीरामपूर-नेवासा पट्ट्यात लग्न, जयंती, सप्ता, उरूस, निवडणुकीची सभा, कुठेही बघा, माझे बॉक्स दिसतील. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेतही कर्णे बांधलेत. चर्चची कामं मला आवडतात, कारण ती वेळेवर सुरू होतात आणि पैसे त्याच दिवशी हातात पडतात. फक्त प्रत्येक पाळकसाहेबांना आवाजात एको जास्त हवा असतो. का, ते मला अजून कळलेलं नाही.

काम होतं १० ऑगस्ट २०२५ चं, रविवारी. सकाळची उपासना झाली की चर्चमागच्या हॉलमध्ये दिवसभराचा मेळावा. आसपासच्या प्रोटेस्टंट मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे सभासद, आणि तसेच कॅथलिकांचे धर्मग्राम, दोन्हीकडची माणसं एका छताखाली बसलेली आमच्याकडे फार दिसत नाहीत, म्हणून गर्दी बरी होती. दारातच दोन मुली टाचणीने काळी फीत लावत होत्या. मलाही लावली. मी म्हटलं, ताई, मी साउंडवाला. ती म्हणाली, "मग काय झालं?"

आयोजक पोरगा हुशार, सगळं लिहून आणलेलं. मला सांगितलं, "दादा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत रेकॉर्ड करा. एक शब्द सुटायला नको. यातून निवेदन तयार करून दिल्लीला पाठवायचंय." माझ्या मिक्सरला पेनड्राइव्ह लावला की आतल्या आत रेकॉर्ड होतं, एक लाल दिवा लुकलुकत राहतो. दिवा बघितला, कापडी टोपी चढवून पोडियमचा माइक नीट केला आणि कोपऱ्यात हेडफोन लावून बसलो.

हेडफोन लावून ऐकण्याचा एक तोटा आहे. तुम्ही भाषण टाळू शकत नाही. राजकीय सभेत मी मनातल्या मनात हिशेब करत बसतो, पण त्या दिवशी खंडपीठात वकिली करणाऱ्या एक बाई बोलत होत्या आणि त्यांचं बोलणं पहिल्या पाच मिनिटांत माझ्या घरात शिरलं.

त्या म्हणाल्या, आज बरोबर ७५ वर्षं झाली. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्यातला तिसरा परिच्छेद असा की हिंदू सोडून दुसरा धर्म पाळणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख आले. १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत.

१९९० म्हटल्यावर मी हेडफोन जरा घट्ट धरला. आमच्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनकडे गेला, असं घरात सांगतात. कोणी म्हणतं धान्यासाठी गेला, कोणी म्हणतं शाळेसाठी. माझी आजी म्हणायची, "पाटलाच्या विहिरीवर पुन्हा उभं राहायला नको म्हणून गेला." आमच्या बाजूच्या लोकांनी १९५६ नंतर दीक्षा घेतली. आडनाव एक, वाडी एक, गावाने मारायची हाकही एकच. माझ्या दाखल्यावर बौद्ध आहे आणि मला सवलत आहे. त्या धाकट्या भावाच्या घरातल्या पोराला ती हवी असेल तर त्याने कागदावर आजोबांच्या आजोबांच्या धर्मात परत जायचं. हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं शेजारी राहून आमच्यात यावर एकदाही बोलणं झालेलं नव्हतं.

वकीलबाईंनी मद्रासच्या सूसाई नावाच्या चांभाराची गोष्ट सांगितली. रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारा माणूस. सरकारने चांभारांना फुकट टपऱ्या द्यायची योजना काढली, शेजारी बसणाऱ्यांना मिळाल्या, याला मिळाली नाही, कारण हा ख्रिस्ती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ साली निकाल लागला की नव्या धर्मातही तोच जाच तेवढ्याच तीव्रतेने होतो, हे दाखवणारा पुरेसा पुरावा दिलेला नाही. म्हणजे टपरी नाहीच. त्यानंतर रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा असं सांगितलं, ते कागदावर राहिलं. २००४ पासूनच्या याचिका पडून आहेत. २०२२ च्या ऑक्टोबरात न्या. बालकृष्णन यांचा आयोग बसला, दोन वर्षांची मुदत दिली, ती संपली, वाढवली. "शिवी देणारा माणूस आधी बाप्तिस्म्याची वही बघत नाही," असं त्या म्हणाल्या तेव्हा टाळ्या इतक्या वाजल्या की मीटरचा काटा लालमध्ये गेला. ॲट्रॉसिटीचा कायदा लावायचा म्हटलं की मात्र वही बघितली जाते, हे पुढचं वाक्य टाळ्यांत बुडालं. रेकॉर्डिंगमध्ये ते जेमतेम ऐकू येतं.

जेवायला मसालेभात, मठ्ठा आणि बुंदी. पाऊस भुरभुरत होता, वीज दोनदा गेली, इन्व्हर्टरवर भागवलं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. कुठल्याही मेळाव्यात प्रश्न विचारायला उठणारे पहिले चार जण प्रश्न विचारत नाहीत, भाषण करतात. धर्म कुठलाही असो. कॉर्डलेस घेऊन माझा पोऱ्या फिरत होता आणि एका काकांच्या हातून माइक सोडवताना त्याची दमछाक झाली होती. तेवढ्यात माझ्या टेबलाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. पंचवीसच्या आसपासची, हातात ओली छत्री, ती तिने टेबलापासून लांब धरलेली. वायरींवर पाणी पडू नये एवढं भान सहसा कोणाला नसतं.

"दादा, हा लाल दिवा म्हणजे रेकॉर्डिंग चालू आहे का?"

"हो."

"थोडा वेळ बंद कराल?"

मी आयोजक पोराकडे बघितलं. तो स्टेजवर चिठ्ठ्या लावत होता. पैसे तो देणार होता, आणि एक शब्द सुटू नये म्हणाला होता. मी म्हटलं, त्यांना विचारून सांगतो.

"विचारलं तर कोण बोलणारे ते त्यांना कळेल. मग राहू द्या."

ती वळली. मी बटण दाबलं. दिवा विझला तेव्हा घड्याळात दोन सत्तेचाळीस झाले होते. मग मला कर्णा आठवला. हॉलमध्ये न मावलेल्या लोकांसाठी मी एक बाहेर लावला होता, तो थेट रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत ऐकू जायचा. त्याचा फेडर खाली ओढला. ती दोन पावलांवर थांबून बघत होती. तिने मान हलवली आणि पोऱ्याकडून माइक घेतला. दोघंतिघं मोबाइलवर शूटिंग करत होते. पाळकसाहेबांच्या काय ध्यानात आलं कोण जाणे, ते स्टेजवरूनच म्हणाले, "मोबाइल खिशात ठेवा रे पोरांनो."

इथे लिहितानाही मी दोन-तीन गोष्टी बदलल्यात, म्हणजे कोणी शोधायला जायला नको.

तिचं नर्सिंग झालेलं. फी माफ झाली ती शाळेच्या दाखल्यावर, आणि दाखल्यावर आजोबांच्या वेळेपासून हिंदू आणि पुढे जात. सरकारी भरतीत नाव लागलं होतं, जात पडताळणीचा कागद यायचा होता. लग्न ठरलं होतं, मुलगा मंडळीतलाच. आई म्हणते लग्न चर्चमध्येच, नाहीतर मी येत नाही. चर्चमध्ये लग्न म्हणजे चर्चच्या वहीत सही. "माझा प्रश्न एवढाच आहे," ती म्हणाली, "की मी सही करू की नको?"

वकीलबाई लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, नोंदणी कार्यालयात तीस दिवसांची नोटीस देऊन लग्न होतं. पण गेल्या नोव्हेंबरचा, २०२४ चा, पुदुच्चेरीच्या एका बाईचा निकाल आहे. बाप्तिस्मा झालेला आणि चर्चला नियमित जाते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. नुसत्या आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे असं म्हटलं. "शपथपत्रावर सही तुझी असते बाळा. खोटं लिही, असं मी सांगणार नाही. आणि चर्च सोड, असंही मी सांगणार नाही."

"म्हणजे रविवारी घरी बसायचं का?"

हॉलमध्ये पत्र्यावरच्या पावसाचा आवाज तेवढा राहिला. मला वाटलं आता संपलं आणि माझा हात बटणाकडे गेला. पण मागच्या भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. माइक छातीशी धरलेला, सवय नसलेली माणसं धरतात तसा. आवाज येईना म्हणून मी गेन वाढवला तर शिट्टी वाजली, ते दचकले. मी पुन्हा खाली घेतला आणि पोऱ्याला खूण केली, त्याने माइक त्यांच्या तोंडाजवळ धरला.

ते जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, ३१ वर्षं. म्हणाले, "नोकरीला लागताना कागदावर होतं ते लिहिलं. पुढे मंडळीच्या वहीत नाव आलं तर कोणी अर्ज करील, म्हणून नाव घातलं नाही. रविवार एक चुकवला नाही. पण नाव नाही म्हणून प्रभुभोजनाला, ती भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, उठायचो नाही. बाकावरचे सगळे उठून पुढे जायचे, बायकोही जायची माझी. मी पाय आत घ्यायचो, त्यांना वाट द्यायला. म्हटलं, रिटायर झालो की घेईन." थोडं थांबून म्हणाले, "तर आता पेन्शन आहे."

कोणी हसलं नाही. एक बाई, वयाने त्यांच्याएवढ्याच, बसल्या जागेवरून बिनमाइकच्या बोलल्या, "गुरुजी, आम्हाला वाटायचं तुम्ही रागावलाय आमच्यावर."

पाळकसाहेब स्टेजवरून उतरले आणि मागे जाऊन त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले. काही बोलले. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, कारण माइक तोवर पोऱ्याने परत आणला होता. गुरुजी मान खाली घालून ऐकत होते आणि खिशातलं एक पेन काढून पुन्हा लावत होते.

मुलगी टेबलासमोरून गेली तेव्हा फक्त "झालं" म्हणाली. मी बटण दाबलं. दोन अठ्ठावन्न. त्यानंतर तीन ठराव वाचले, हात वर करून मंजूर झाले, तेवढे खणखणीत रेकॉर्ड झालेत.

तिसऱ्या दिवशी आयोजक पोराचा फोन आला. "दादा, मधला तुकडा दिसत नाही. खरं म्हणजे तोच महत्त्वाचा होता. बाकी सगळं पुस्तकात मिळतं, आयोगापुढे मांडायला हेच पाहिजे होतं." त्याचं चुकत नव्हतं. पुरावा नाही म्हणून टपरी गेली, ही गोष्ट मीही ऐकली होती. मी म्हटलं, वीज गेली होती. तो म्हणाला, तेव्हा तर वीज होती. मी म्हटलं, मग इन्व्हर्टरने दगा दिला असेल. तो जरा वेळ गप्प राहिला आणि बिलात काही कमी न करता पैसे पाठवले.

डिसेंबरात एका मावशींचा फोन आला. मुलीचं लग्न, नोंदणी झालीय, दारातच मांडव, दोनच बॉक्स पुरेत. गेलो तर तीच मुलगी, हिरवा चुडा भरलेली. पाळकसाहेब आले ते साध्या शर्ट-पँटमध्ये, झगा नाही, हातात पुस्तक नाही. मुलीची आई मात्र सकाळपासून कोणाशी बोलत नव्हती, पण आली होती. मी सवयीने माइक तपासला आणि पाळकसाहेबांपुढे धरला. म्हटलं, साहेब, एको थोडा वाढवून ठेवलाय तुमच्यासाठी.

त्यांनी माइक हाताने बाजूला केला, दोघांच्या डोक्यांवर हात ठेवले आणि इतक्या हळू प्रार्थना केली की पहिल्या रांगेतल्यांनाही पुढे वाकावं लागलं.