जॉर्जेटचा गोल घेर अन त्याची बारीक किनार, माझा अनुभव

ताईच्या मुलीचा साखरपुडा जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरला आणि तिचा लगेच फोन, मावशी ड्रेस तूच शिवायचा, बाहेर टाकायचाच नाही. मी नागपुरात मानेवाड्याला घरीच शिवते, बारा वर्षं झाली, ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, शाळेचे युनिफॉर्म, कॉटन असलं की कात्री कशी चालवायची ते हाताला पाठ आहे. पण पोरीला पाहिजे होता जॉर्जेटचा अंब्रेला, पूर्ण गोल घेर, अबोली रंगाचा, वरून त्याच रंगाची शिफॉनची ओढणी, आणि अट एकच, किनार जाड दिसायला नको. मागच्या वर्षी तिने एक ओढणी बाहेरून पिको, म्हणजे मशीनने कडेवर दाट टाके, करून घेतली होती, ती पापडासारखी लाटालाटांची होऊन आली अन दुसऱ्या धुण्यात दशा निघाल्या, त्यामुळे पिको हा शब्दच तिला नको होता. मी हो म्हटलं, खरं सांगते छातीत धडधडलं, कारण जॉर्जेटच्या कुर्त्या मी शिवलेल्या पण एवढा मोठा गोल घेर कधीच केला नव्हता.

कापड गांधीबागेतून आणलं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 44 इंच. कंबर 28 म्हणजे आतल्या गोलाची त्रिज्या साडेचार इंच, खालची लांबी 38, म्हणजे बाहेरची त्रिज्या साडेबेचाळीस, पन्ह्यात जेमतेम बसते, दोन अर्धगोल काढायचे तर घेरालाच साडेचार मीटर लागतं. ओढणी अडीच मीटर, वरच्या बॉडीला वेगळं. शिवाय अर्धा मीटर मुद्दाम जास्त मागितलं, नुसतं प्रयोग करायला. दुकानदार म्हणे ताई कशाला वाया घालवता, मी म्हटलं द्या भाऊ. त्या अर्ध्या मीटरनेच पुढचं सगळं वाचवलं. घरी येऊन घेराची गोलाई काढली तर 267 इंच, पावणेसात मीटर! आणि बारीक दुमड नीट घालायची तर त्याच कडेवरून तीनदा शिलाई फिरते, म्हणजे वीस मीटर शिलाई नुसत्या किनारीची.

पहिला प्रयोग मी आहे त्या सुईवर केला, 16 नंबर, रोजचा धागा. कापड मशीनच्या फुटाखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, ठेवलं, पायडल मारलं, अन पहिल्या दोन टाक्यांतच मशीनने कापडाचं टोक खाली ओढून घेतलं, खटकन आवाज झाला आणि चाक जाम. सुईखालची प्लेट उघडली तर बॉबिनभोवती, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळाभोवती, धाग्याचा गोळा, त्यात कापडाची चिमूट अडकलेली, कात्रीच्या टोकाने एकेक धागा तोडून सोडवावं लागलं. तेवढ्या जागी कापडाला चार भोकं पडलेली, आरपार उजेड दिसत होता. जाड सुई जॉर्जेटचा धागा बाजूला सरकवत नाही, तोडते, आणि तिथून खेच पडून ओळच्या ओळ उमटते.

मग सुई बदलली, 9 नंबर. बर्डीवर मशीनच्या सामानाच्या दुकानात मिळते, 11 नंबर पण चालते पण शिफॉनला 9 च पाहिजे, आणि नवी पाहिजे, चार ब्लाऊज शिवून झालेली सुई इथे चालत नाही, तिचं टोक बोथट झालेलं आपल्याला दिसत नाही पण कापडाला कळतं. धागा वर अन खाली दोन्हीकडे एकच, बारीक पॉलिस्टरचा. टाका इंचात बाराच्या आसपास. आणि शिलाई अगदी टोकापासून सुरू नाही करायची, अर्धा इंच आतून करायची, दोन्ही धाग्यांची शेपटं डाव्या हाताने मागे धरून ठेवायची, पहिले चार-पाच टाके चाक हातानेच फिरवायचं. ज्यांच्याकडे झिगझॅगवाली नवी मशीन आहे त्यांना हा त्रास जास्त होतो कारण त्या प्लेटचं भोक रुंद असतं आणि पातळ कापड त्यात बुडतं. आपली जुनी काळी पायाची मशीन सरळ शिलाईचीच, भोक एवढुसं, त्यामुळे शिफॉनला तीच चांगली, हे मी आता कोणालाही छातीठोकपणे सांगते. झिगझॅगवर करायचंच असेल तर खाली बटर पेपरची पट्टी ठेवा अन नंतर फाडून काढा. वर्तमानपत्राचा कागद बिलकूल नको, सुईसोबत शाई कापडात जाते.

तरीही कापड सरकतच होतं. दोन इंच सरळ, मग एकदम तिरपं. मी वैतागून बसले होते तर बाबा, म्हणजे माझे सासरे, पाणी प्यायला आत आले. त्यांची अख्खी नोकरी एम्प्रेस मिलच्या सूतकताई खात्यात गेली, जमशेटजी टाटांनी 1877 साली नागपुरात काढलेली मिल ती, तिच्या भोंग्यावर आमच्या घरची सकाळ ठरायची असं सासूबाई सांगायच्या. बाबांनी तुकडा हातात घेतला, कडेचा एक धागा ओढून काढला, दोन बोटांत धरून थोडा सैल सोडला. तो धागा आपोआप स्वतःभोवती गुंडाळायला लागला, झुल्याच्या दोरीला पीळ देऊन सोडलं की कशी फिरते तसा. म्हणे, "पाह्य बाई, याच्यात पीळ किती भरून ठेवला हाय, तो सुटायले पाह्यते, म्हणून हे कापड जागेवर बसत नाही. एक धागा उजव्या पिळाचा, एक डाव्या पिळाचा." आणि खरंच जॉर्जेट तसंच विणतात, उलटसुलट पिळाचे धागे आळीपाळीने लावून, म्हणून हाताला ते थोडं रवाळ, वाळूसारखं लागतं अन चिमटीत धरलं की स्प्रिंगसारखं मागे जातं. इतकी वर्षं मी हे कापड हाताळलं पण ते असं का वागतं हे मला त्या दिवशी कळलं. बाबा पुढे म्हणाले, आमच्याकडे सुताले खळ देत होते, तू बी दे.

खळ! आपण कॉटनच्या साडीला देतो तीच. पण ती देण्याआधी एक काम होतं ते सांगते, कारण ते चुकलं की पुढचं सगळं वाया.

घेराचे दोन अर्धगोल कापून बाजूच्या शिवणी घालून कंबरपट्टी लावली आणि ड्रेस तसाच, खाली काही न करता, हँगरला लटकवून दोन रात्री ठेवला. गोल घेरात चार ठिकाणी कापड उरेब येतं, म्हणजे धाग्याच्या तिरप्या दिशेत, आणि उरेब कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. आज किनार घातली तर उद्या चार जागी शेपट्या लोंबतात. भाची दुसऱ्या दिवशी आली तेव्हा ड्रेस पाहून घाबरलीच, "मावशी, हे काउन असं लोंबून राहिलं व?" चार जागी चांगलं इंचभर उतरलं होतं, एका जागी सव्वा इंच. मी म्हटलं उतरू दे, जेवढं उतरायचं तेवढं आत्ताच उतरू दे. तिसऱ्या दिवशी तिला ड्रेस घालून पाटावर उभं केलं, खाली घालायच्या चपलांसकट, आणि पाटापासून वर लाकडी स्केल धरून सगळीकडे सारखं माप घेत खडूने टिंबं केली. तिने हलायचं नाही, मी गुडघ्यावर तिच्याभोवती फिरायचं. पाऊण तास लागला. ते माप जमिनीपासूनच घ्यायचं, कमरेपासून घेतलं की पुन्हा वरखाली होतं.

आता खळ. एक मोठा चमचा साबुदाणा लिटरभर पाण्यात, काचेसारखा पारदर्शक होईस्तोवर शिजवला, मलमलच्या कापडातून गाळला, अजिबात गुठळी राहू दिली नाही. आधी तुकड्यावर लावून पाहिलं, रंग जातो का, डाग पडतो का, कापड आक्रसतं का. माझं जॉर्जेट पॉलिस्टरचं होतं म्हणून आक्रसलं नाही, शुद्ध रेशमी जॉर्जेट पाणी लागलं की आक्रसतं त्यामुळे तिथे ही खळ लावायची तर पूर्ण कापड कापायच्या आधी भिजवून घ्यावं लागेल. पॉलिस्टर खळ पीत नाही फारशी पण वरून एक पापुद्रा बसतो अन तेवढा पुरतो. पलंगावर जुनी चादर घालून घेर सपाट पसरवला आणि स्पंजने फक्त खालच्या तीन इंचांना खळ टिपून टिपून लावली. लटकवून नाही लावायची, ओल्या कापडाचं वजन होतं अन उरेब पुन्हा ओढली जाते. नवतपा सुरू होता, पारा 45 च्या वर, वीस मिनिटांत कडकडीत वाळलं. मग मलमल वर ठेवून अगदी कमी गरम इस्त्री, जॉर्जेट वितळतं, जपून. त्या तीन इंचांना आता कागदासारखं अंग आलं होतं, कात्रीने टिंबांवरून अर्धा इंच सोडून कापलं तर धार सरळ, एकही दशा नाही. मी उठून बाबांना दाखवायला घेऊन गेले.

शिवायला बसले तो दिवस मला लक्षात राहील. कूलर लावला तर वाळ्याच्या ताट्यांतून येणाऱ्या वाऱ्याने सगळा घेर फुग्यासारखा उडतो, बंद केला तर हाताला घाम, घाम लागला की खळ नरम पडून तिथे चिकटतं. शेवटी पहाटे साडेचारला उठून बसायला लागले, साडेसातपर्यंत शिवायचं, मग बंद. तीन पहाटा गेल्या.

पहिल्या पहाटे पहिली शिलाई, कापलेल्या कडेपासून पाव इंचावर, सगळा घेर फिरून. वरच्या धाग्याचं टेन्शन किंचित घट्ट ठेवलं, कारण गोलाईची कड बाहेरून जास्त लांब असते अन आत दुमडली की जास्तीचं कापड चुण्या पाडतं, घट्ट टाक्याने ती कड जराशी आवळली जाते आणि दुमड गुमान बसते. मग याच शिलाईवर कापड उलट्या बाजूला दुमडायचं, शिलाईची ओळ बरोबर दुमडीच्या काठावर, किंचित आतच आली पाहिजे, बाहेर दिसायला नको. बोटाच्या नखाने दाबत दाबत जायचं, खळ असल्यामुळे नखाची घडी टिकते, टाचण्या लागल्याच नाहीत. दुमडीच्या काठाला अगदी चिकटून दुसरी शिलाई.

त्यानंतर ते काम ज्याच्यात माझा जीव अडकला होता. दुसऱ्या शिलाईच्या पलीकडे उरलेलं कापड शिलाईला लागून कापून टाकायचं, टाक्यापासून एक-दोन मिलिमीटर फक्त. हे मी रात्री केलं, टेबल लॅम्प खाली ओढून, भरतकामाच्या छोट्या कात्रीने, कात्रीचं चपटं अंग कापडावर टेकवून, टोक नेहमी वर. डाव्या हाताच्या दोन बोटांत फक्त जास्तीची कड धरायची, मुख्य कापड मोकळं सोडायचं. दुसऱ्या अर्धगोलावर, शिवणीपासून हातभर अंतरावर, कात्री घसरली अन मूळ कापडात दोन मिलिमीटरचा काप गेला. मी कात्री खाली ठेवली, पाणी प्यायले, अंगणात जाऊन उभी राहिले. मग ठरवलं, त्या जागी शेवटची दुमड तीन मिलिमीटर जास्त घ्यायची आणि दोन्ही बाजूंना वीतभर अंतरात हळूहळू नेहमीच्या मापावर आणायची. आज तो ड्रेस हातात घेऊन मलाच ती जागा शोधावी लागते.

शेवटच्या पहाटे आणखी एकदा दुमड, तीन-चार मिलिमीटरची, आणि तिसरी शिलाई, दुसऱ्या शिलाईच्याच ओळीवरून. उजव्या बाजूने एकच ओळ दिसते. मधेच लाईट गेली, पण पायाची मशीन, खिडकीचा पडदा बाजूला सारला अन चालू ठेवलं. दुमड आपोआप घालणारा जो छोटा फूट मिळतो तो मी आधी तुकड्यावर वापरून पाहिला होता, सरळ धाग्यावर छान गुंडाळतो पण उरेब आली की कापड निसटतं, घेरासाठी माझ्या मते त्याचा उपयोग नाही.

ओढणीला मशीन लावलीच नाही. लांब बाजूंना कापडाचाच काठ होता, राहिल्या 44 इंचाच्या दोन कडा. बोटं किंचित ओली करून कड गुंडाळायची, सुईने गुंडाळीच्या खालचा कापडाचा एकच धागा उचलायचा, मग सुई गुंडाळीच्या पोटातून पाच-सहा मिलिमीटर पुढे न्यायची, पुन्हा एक धागा. असे सहा-सात टाके सैल घालायचे आणि मग धागा हळूच ओढायचा. ओढला की ती सैल कड आपल्या डोळ्यासमोर आत वळते अन सुतळीच्या बारीक धाग्यासारखी गोल होते, टाका गायब. दर वेळी ते पाहताना मला तेवढाच आनंद झाला. एका बाजूला अडीच तास लागले.

खळ काढायला ड्रेस थंड पाण्यात दोनदा बुडवला, पिळला नाही, टॉवेलात गुंडाळून दाबला अन सावलीत वाळवला. कागदासारखी कड पुन्हा मऊ होऊन पाण्यासारखी पडायला लागली. ताईने घेराची कड बोटांतून फिरवत फिरवत पूर्ण गोल पाहिली, शिवणीपासून शिवणीपर्यंत, काही बोलली नाही, नुसता माझा हात धरला.

प्रयोगाच्या तुकड्यातली वीतभर पट्टी मी ठेवली आहे, तिन्ही शिलाया असलेली. तिला ती 9 नंबरची सुई टोचली आहे, पांढऱ्या कागदावर टाका, टेन्शन अन खळीचं माप लिहून पिन केलंय, बॉबिनच्या डब्यात सगळ्यात वर. शेजारच्या काकूंनी परवा सुनेसाठी शिफॉनचं कापड आणून दिलंय, चार मीटर, मोरपंखी.