मनाली–लेह, कार्ब्युरेटरवाल्या गाडीने: लाचुंगला खिंडीच्या चढावर काय होतं

"रस्ता एकदम मक्खन झालाय, कुठलीही गाडी जाते," असं मनालीत हॉटेलवाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं. केलाँगपर्यंत ते खरंही आहे. अटल बोगद्याने रोहतांगची कटकट संपवली. पण 'कुठलीही गाडी' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आजची इंजेक्शनवाली, हवेनुसार पेट्रोल आपोआप जुळवणारी गाडी असते. आमची व्हॅन त्याआधीच्या पिढीतली: तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग), इंजिन पुढच्या सीटखाली. कसारा घाट गाणं म्हणत चढणारी. नाशिक ते मनाली तिने हूं की चूं केलं नाही, त्यामुळे त्या भागाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पेट्रोल केलाँगच्या अलीकडे टांडी गावात भरा, टाकी काठोकाठ. 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही तिथली पाटी प्रसिद्ध आहे. लोक तिच्यासोबत फोटो काढतात आणि कॅन न भरता निघून जातात. वीस लिटरचा लोखंडी कॅन हवाच, कारण वर ॲव्हरेज कोसळतं. आमचं नऊवर आलं. पुढे पांग नावाच्या थांब्यावर ढाब्यात बाटलीतलं पेट्रोल मिळालं, पण त्या भावात घरी आठवड्याचा भाजीपाला येतो.

मुक्काम जिस्पालाच करा, जमल्यास दोन रात्री. जिस्पा साधारण ३,२०० मीटरवर आहे, सरचू ४,२९० वर. सरचूचे तंबूवाले रस्त्यात येऊन हात करतात. काच वर घ्या आणि पुढे चला. मनालीहून येऊन थेट तिथे झोपणं म्हणजे रात्रभर डोकं धरून बसणं.

आता मुख्य मुद्दा. बारालाचाला (४,८९० मीटर; इथल्या नावांतला शेवटचा 'ला' म्हणजे खिंड) आम्ही दुसऱ्या गिअरवर कण्हत पार केला. गाटा लूप्सची २१ वळणंही चढलो. तिथल्या भुतासाठी लोक पाण्याच्या बाटल्या ठेवतात. रेडिएटरची अवस्था बघता माझी नजर त्या बाटल्यांवर गेली होती, बायकोने हात धरला. नकीला ओलांडून खाली नाल्यापर्यंत उतरलो आणि लाचुंगलाच्या (५,०६५ मीटर) चढाला लागलो. तिथे संपलं. मागे काळा धूर, पुढे नुसती घरघर, मग चिडीचूप.

कारण साधं आहे. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, मात्र नाशिकच्याच हिशोबाने पेट्रोल सोडत राहतो. जळायला हवा पुरत नाही, प्लग काजळीने माखतात. आमचा एक प्लग काढला तर टोकावर तव्याच्या बुडासारखा काळा थर, बोट लावलं की सुटणारा. त्यात सीटखालच्या उष्णतेने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊन इंजिनाला पेट्रोल पोहोचवणारा पंप कोरडा पडला. कमी दाबात पेट्रोल लवकर उकळतं. ओलं फडकं पंपावर ठेवलं, प्लग पॉलिश पेपरने घासले, गाडी सुरू झाली, दोन वळणं गेली, बंद. हे किती वेळा केलं ते विचारू नका. फोन मुका, मदतीला कुणी नाही, धाप अशी की स्पॅनर फिरवून खाली बसावं लागतं.

शेवटी एका ट्रकवाल्याने दोर बांधला. खिंडीच्या माथ्यापर्यंत ओढायचे सहा हजार. आधी म्हणाला "देख लेंगे, भाईसाब", आणि माथ्यावर आकडा सांगितला. दोर बांधण्यापूर्वी रक्कम ठरवा, साक्षीला दुसरा ड्रायव्हर असू द्या. तरी त्याच्याबद्दल फार राग नाही, तो थांबला तरी. राग आहे तो मनालीतल्या मिस्त्रीवर. 'पहाडी सेटिंग' म्हणून त्याने दोन हजार घेतले आणि फक्त आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणारा, स्क्रू फिरवला. चढावर काम करतो मेन जेट. तो लहान नंबरचा बसवायला हवा, तुमच्या समोर, जुना तुमच्या हातात देऊन. आम्हाला तो लेहमध्ये बसवून मिळाला, अर्ध्या तासात, तीनशे रुपयांत.

लाचुंगला ते पांग हा उतार आमच्या वेळी निव्वळ धूळ आणि खड्डे होता. इंजिन रुसलंय म्हणून न्यूट्रलमध्ये सोडू नका. पहिला गिअर टाकून उतरा, नाहीतर ब्रेक तापून जातील. एअर फिल्टर काढून टाकायचा सल्ला ढाब्यावर हमखास मिळतो. त्या धुळीत तो ऐकलात तर इंजिन उतरवायची तयारी ठेवा. रात्र पांगमध्ये काढावी लागली, ४,६०० मीटरवर, डोकं ठणकत. तिथली मॅगी उत्तम.

मोरे मैदान सपाट आहे, गाडी पळते. टांगलांगला (५,३२८ मीटर) पहाटेच्या गारव्यात गाठा, पंप तापत नाही. आमची न थांबता चढली आणि आम्ही माथ्यावर वेड्यासारखे ओरडलो. पोस्टपेड सिम न्या, बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही.

पुन्हा जायचं झालं तर श्रीनगरकडून चढेन, उंची हळूहळू वाढते. परत तिकडूनच आलो. फोटुला, झोजिला, कुठेही त्रास झाला नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.