पिवळंधमक ऊन

18 मे, दुपारचे अडीच

सकाळपासून एक ओळ डोक्यातून जात नाही. चिनूने माझ्या परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीने लिहिलंय, "मामा, हे ऊन कुठचं होय?" शेजारी हसरा चेहरा काढलाय. म्हणजे वरून मीठही चोळलं.

विषय 'उन्हाळ्यातील दुपार', 10 ओळी. नमुना म्हणून मीच लिहून दिला होता. पिवळंधमक ऊन, निळंशार आकाश, थंडगार सावली, व्याकूळ पक्षी. आत्ता मोजली, विशेषणं 14. आणि 10 पैकी 9 ओळी 'आहे'वर संपतात. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाई ओतून हे.

जोडविशेषणांची खोड मला का माहीत नाही? पांढरं लिहिलं की शुभ्र न बोलावता येऊन बसतं, काळ्यामागे कुट्ट. डोळ्यांना काही कामच उरत नाही. 'हिरवंगार' कडुनिंबाला चालतं आणि पालकाच्या जुडीलाही चालतं. मग त्यातून दिसतं काय?

'आहे'चं दुखणं वेगळं. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे वर्णनातलं प्रत्येक वाक्य त्याच उंबऱ्यावर येऊन ठेचकाळतं. ते काढून वाक्य उभं राहतं का पाहावं: 'रस्त्यावर एकच सायकल, सीटवर ओला रुमाल.' राहिलं. नाहीतर वस्तूलाच कामाला लावावं. 'डांबर मऊ झालेलं आहे' यापेक्षा 'गाडीचा स्टँड डांबरात रुतला.'

खरी चूक मात्र त्याआधीची. मी बाहेर पाहिलंच नाही. पोरांना सांगताना कसं घडाघडा सांगतो! विषय आवळा, एक जागा आणि एक वेळ धरा. 10 मिनिटं बसून 20 नोंदी करा, वाक्यं नकोत. पहिल्या सहा-सात खोडा, त्या पाठ असलेल्या निबंधांतून आलेल्या असतात. उरलेल्यांतल्या 5 ठेवा, त्यात निदान दोन वासाच्या, आवाजाच्या किंवा स्पर्शाच्या. मग क्रम लावा, लांबून जवळ किंवा जवळून लांब. मध्येच उडी मारली की वाचणारा हरवतो. उपमा एकच. टपटप, सळसळ हे आपल्याकडे खंडीभर, पण एका परिच्छेदात तीन आले की बडबडगीत होतं. हे सगळं मीच सांगतो. आणि स्वतः लिहायला बसलो की हात त्याच जुन्या वळणाने जातो. घाई होती, हे एक. दुसरं म्हणजे त्या दिवशी ताईचा फोन... जाऊ दे.

म्हणून आज कूलरसमोर वही घेऊन बसलो. परवा 'थंडगार हवा' लिहून मोकळा झालो होतो. पाहिलं तर कूलरच्या डाव्या ताटीतला, म्हणजे बाजूच्या जाळीतला, वाळा अर्धा कोरडा. वरच्या पन्हळीची भोकं क्षाराने बुजलीत, पाणी एकाच बाजूने उतरतंय. त्यामुळे वाऱ्याचे दोन पट्टे झालेत. गुडघा गार, खांदा गरम. ओल्या बाजूचा वाळा मातीसारखा वास देतो, कोरड्या बाजूकडून नुसती धूळ. एवढं लिहायला एकही विशेषण शोधावं लागलं नाही. पाणी कुठे अडतंय ते कळलं आणि ओळी आपसूक आल्या.

मग खिडकीचा पडदा सारला. आणि हसूच आलं. ऊन पिवळं नाहीच! सकाळी सातला असेल, संध्याकाळी फुटाळा तलावावर असेल. मे महिन्यातल्या अडीचला नागपुरात ऊन पांढरं असतं. समोरच्या भिंतीचा गुलाबी रंग त्यात धुऊन निघालाय. आकाशही निळंशार कुठलं, धुतलेल्या ताटावर राख राहावी तसं. अजून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागायचाय. पोरीचा प्रश्न बरोबर होता. ते ऊन माझ्या चौथीच्या पुस्तकातलं असावं.

नवा परिच्छेद असा सुरू केलाय:

'अडीच वाजता गल्लीत सावली उरते ती फक्त गाड्यांच्या पोटाखाली. तिथे एक कुत्रं, जीभ फरशीला टेकवून. पलीकडे शटर अर्धं ओढलेलं आणि आतून पंख्याचा आवाज.'

चौथ्या ओळीत पुन्हा 'आहे' आलंय. राहू दे. पंप कोरडा खरखरायला लागला, टाकीत पाइप सोडून येतो.