पिंग होतंय, पण ‘हॅलो’ मधेच गडप होतंय

एका रुग्णालय समूहाचे वायरलेस कंट्रोलर (सगळं वायफाय एका जागेवरून चालवणारी यंत्रं) मध्यवर्ती व्यवस्थापन प्लॅटफॉर्मवर आणायचं काम आमच्या टीमकडे होतं. तोवर प्रत्येक रुग्णालयाचा कंट्रोलर आपापला सुटा. एखाद्या वॉर्डातून ‘फोन मध्येच तुटतो’ अशी तक्रार आली की त्या कंट्रोलरवर लॉगिन करून लॉग चाळत बसायचं, आणि तक्रार आमच्यापर्यंत येईस्तोवर कामाच्या ओळी लॉगमधून गेलेल्या असायच्या. नर्सच्या हातातले फोन वायफायवर चालतात, रुग्णाच्या मॉनिटरचे इशारे त्यावर येतात. असा फोन कोणत्या ॲक्सेस पॉइंटवरून (वायफायच्या डब्यावरून) कुठे सरकला, तेव्हा सिग्नल किती होता, ऑथेंटिकेशनला किती वेळ गेला, हे मागे जाऊन बघता यावं म्हणून हा सगळा खटाटोप.

तयारीत कसर नव्हती. प्रत्येक कंट्रोलरचा कॉन्फिग बॅकअप, सॉफ्टवेअर आवृत्तीची पडताळणी, एसएनएमपी (उपकरणाला त्याची स्थिती विचारण्याची पद्धत) आवृत्ती ३ चे युजर, नेटकॉन्फ (उपकरणाची सेटिंग वाचण्या-बदलण्याची पद्धत) चालू आणि त्यासाठी पुरेसे अधिकार असलेलं खातं, आणि घड्याळ. घड्याळाबद्दल मी फार काटेकोर असतो. प्लॅटफॉर्म कंट्रोलरला सर्टिफिकेट देतो, आणि कंट्रोलरचं घड्याळ मागे असेल तर त्याच्या लेखी ते सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नसतं. मग टेलिमेट्रीचं, म्हणजे कंट्रोलरकडून सतत येणाऱ्या मोजमापांचं, टीएलएस (कूटबद्ध) जोडणं तिथेच मोडतं.

बाकीची रुग्णालयं एकामागून एक सुरळीत चढली. एक मात्र अडलं, आणि तेच सगळ्यात मोठं.

प्लॅटफॉर्मच्या यादीत कंट्रोलर दिसत होता, ‘पोहोचता येतं’ यापुढे हिरवी खूण होती, मॉडेल आणि सिरियल नंबरही बरोबर आला होता. पण माहिती गोळा करण्याचा टप्पा बराच वेळ फिरत राहायचा आणि शेवटी नेटकॉन्फ टाइमआउट म्हणून थांबायचा. माझा सहकारी म्हणाला, “सर, पिंग होतंय, एसएसएच होतंय, एसएनएमपीला उत्तर येतंय, ८३० पोर्टही उघडा आहे. आता राहिलं काय?” पिंग म्हणजे ‘आहेस का?’ विचारून उत्तर बघणं, एसएसएच म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन, आणि ८३० हा नेटकॉन्फचा पोर्ट.

उत्पादकाच्या सपोर्टचं म्हणणं आलं: नेटकॉन्फ बंद करून चालू करा, नाही जमलं तर कंट्रोलर रीलोड करा. ही जोडी हाय अव्हेलेबिलिटीची होती, एक गेला तर दुसरा लगेच सांभाळणार, हे मान्य. पण अतिदक्षता विभागातले फोन ज्या कंट्रोलरवर टांगलेत, तो निव्वळ अंदाजावर रीलोड करायला माझी तयारी नव्हती. रुग्णालयाच्या आयटी प्रमुखांनी सकाळीच विचारलं होतं, “फोनला धक्का लागणार नाही ना?” मी नाही म्हणून सांगितलं होतं. शिवाय ज्या कंट्रोलरवर सगळे ॲक्सेस पॉइंट आणि फोन बिनतक्रार चालू आहेत, त्याच्यावरच बोट ठेवायला हातात पुरावा काय होता? काहीच नाही.

म्हणून प्लॅटफॉर्मचा पडदा बाजूला ठेवला आणि प्लॅटफॉर्मच्या शेजारच्याच एका सर्व्हरवरून नेटकॉन्फ हाताने जोडून पाहिलं. एसएसएचला ८३० पोर्ट आणि नेटकॉन्फ सबसिस्टिम सांगितली की ते जमतं. आरएफसी ६२४१ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाप्रमाणे सत्र सुरू होताच दोन्ही बाजूंनी ‘हॅलो’ संदेश पाठवायचा असतो आणि त्यात आपल्या क्षमतांची यादी द्यायची असते. कंट्रोलर आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक यांग मॉड्यूलसाठी (सेटिंगच्या आराखड्यासाठी) त्या यादीत एकेक ओळ घालतो. म्हणजे साधा नमस्कारच पानंच्या पानं लांब. तो संपला की शेवटी ]]>]]> ही खूण येते.

पासवर्ड दिला, सत्र उघडलं, आणि पुढे पडद्यावर काहीच नाही. अर्धवट ओळ नाही, नकार नाही, एररही नाही. दुसऱ्या एका रुग्णालयाच्या कंट्रोलरला तोच प्रयोग केला तर यादी धबाधबा वाहत शेवटच्या खुणेपर्यंत आली.

तेवढ्यात सहकाऱ्याला आठवलं, की बॅकअप घेताना या कंट्रोलरचं एसएसएच सत्र गोठलं होतं. त्याने तेव्हा ते बंद करून पुन्हा उघडलं आणि पानापानाने कॉन्फिग घेतला होता. मी त्याला तेच मुद्दाम परत करायला सांगितलं. पानं पाडणं बंद करून पूर्ण कॉन्फिग मागितला, आणि सत्र तिथल्या तिथे थिजलं. पानापानाने मागितला तर बिनबोभाट आला. पाणी कुठे मुरतंय ते आता दिसायला लागलं: छोटं सगळं जातं, मोठं मधेच गडप होतं.

कंट्रोलरवरून प्लॅटफॉर्मकडे मोठं पिंग मारलं, ‘तुकडे करू नका’ हा बिट लावून. १५०० बाइट: नुसते ठिपके, म्हणजे उत्तर नाही. १४०० बाइट: सगळी उत्तरं आली. १४०१: परत ठिपके. रस्त्यात कुठेतरी १४०० ची कमान होती.

ती कमान कुठली, हे नकाशावर लगेच सापडलं. या रुग्णालयाची जुनी लाइन बदलून अलीकडे इंटरनेटवरून आयपीसेक (कूटबद्ध) बोगदा टाकला होता. बोगद्याचं स्वतःचं वेष्टन जागा खातं, म्हणून आत १४०० बाइटच मावतात. यात गैर काही नाही, जगभर असंच चालतं. पॅकेट (डेटाचा एक गठ्ठा) मावत नसेल आणि तुकडे करायला मनाई असेल, तर बोगद्याच्या तोंडाशी असलेला राउटर ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा (नेटवर्कच्या अडचणी कळवण्याच्या पद्धतीचा, पिंगही त्यातलंच) निरोप धाडतो, प्रकार ३, कोड ४: ‘मावत नाही, एवढ्या मापाचं पाठव.’ पाठवणारा माप कमी करतो आणि गाडी पुढे जाते. १९९० च्या आरएफसी ११९१ पासून ही पद्धत आहे.

आमच्या ठिपक्यांत नेमका तो निरोप नव्हता. राउटर आणि कंट्रोलर यांच्यामधल्या फायरवॉलवर आयसीएमपीमधलं फक्त पिंग आणि त्याचं उत्तर सोडलेलं होतं, बाकी सगळं बंद. कंट्रोलरला मावत नाही हे कोणी सांगतच नव्हतं. पॅकेट कॅप्चरमध्ये तो तेच १५०० चं पॅकेट पुन्हा पाठवताना दिसत होता, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. एसएनएमपी का चाललं तेही उलगडलं: त्याची उत्तरं बहुतेक लहान असतात, आणि ती ज्या यूडीपी पद्धतीने जातात, तिच्या मोठ्या पॅकेटांवर तुकड्यांची मनाई नसेल तर रस्त्यात तुकडे होऊन ती पोहोचतात. फोन सुरळीत होते कारण ॲक्सेस पॉइंट आणि कंट्रोलर एकाच इमारतीत, त्यांची रहदारी बोगद्यात शिरतच नव्हती. इतके दिवस त्या बोगद्यातून कंट्रोलरचं मोठं असं काही गेलंच नव्हतं.

फायरवॉल सांभाळणाऱ्या मॅडमना कॅप्चर आणि ठिपके दोन्ही पाठवले. त्यांचा पहिला सवाल रास्त होता: “अहो, पण पिंग तर सोडलंय ना आम्ही?” आयसीएमपी म्हणजे पिंग, बाकीचं धोक्याचं, ही समजूत फार पक्की आहे आणि मला ती खरंच खुपते. प्रकार ३ चा कोड ४ अडवला तर सुरक्षितता वाढत नाही, जोडणी मात्र अशी गुपचूप मरते. आरएफसी २९२३ मध्ये हाच प्रकार ‘ब्लॅक होल’ म्हणून २००० सालीच लिहून ठेवलाय. मॅडमनी कॅप्चर नीट पाहिला आणि मग त्या स्वतःच म्हणाल्या, “हा नियम आधी दुरुस्त करू.”

बोगद्याच्या राउटरवर टीसीपीचं (एसएसएच ज्यावर चालतं त्या पद्धतीचं) एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या मजकुराचं कमाल माप, १३६० वर बांधणं हा दुसरा उपाय होता: १४०० वजा हेडरचे ४०. तो लगेच करता येतो आणि फक्त नव्या जोडण्यांना लागू होतो, म्हणून आधी तो केला. पण त्याने टीसीपीपुरतंच भागतं. खरा दोष नियमात होता, म्हणून मॅडमनी मंजुरी घेऊन तोही त्याच दिवशी बदलला. कंट्रोलरला कोणी हात लावला नाही.

हाताने पुन्हा जोडलं. क्षमतांची यादी वाहायला लागली आणि तळाशी ]]>]]> उमटलं. सहकारी खुर्चीतून उठूनच उभा राहिला. प्लॅटफॉर्मवरून सिंक चालवला, यादी भरली, सर्टिफिकेट गेलं, टेलिमेट्रीची जोडणी उभी राहिली आणि जोडीतला स्टँडबायही दिसू लागला.

ज्या वॉर्डची तक्रार सगळ्यात जुनी होती, तो आधी उघडला. तिथले काही फोन डोक्यावरचा ॲक्सेस पॉइंट सोडून कॉरिडॉरच्या टोकाच्या पॉइंटला चिकटून होते, सिग्नल उणे ८० डीबीएमच्या खाली (म्हणजे फार क्षीण) गेला तरी. आयटी प्रमुखांना ते पडद्यावरच दाखवलं आणि रोमिंगची सेटिंग तपासण्याचं वेगळं काम लागलीच नोंदवलं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. तो नियम एका साच्यातून उचललेला होता आणि तोच साचा इतर फायरवॉलवरही लागला होता. बोगद्यावर चालणाऱ्या ठिकाणांची यादी त्यांना हवी होती. ती पाठवली, आणि प्रत्येक ठिकाणापुढे कोणत्या मापापर्यंत पिंग गेलं पाहिजे तेही लिहून दिलं.