पारोळ्याकडची बंद खदान: पाहणीला जाणाऱ्यांसाठी

धुळे-जळगाव महामार्गावर, पारोळ्याच्या अलीकडे आत वळलं की खडीची एक बंद खदान लागते. गावाने तिथे झाडं लावली, काही काठ बांधून घेतला. काम किती टिकलं ते पाहायला आम्ही मुद्दाम मे महिन्यात गेलो. वर शेळ्या चारणारे आबा म्हणाले, "बरं झालं उन्हायामा उनात. पानी पडना का समदं हिरवंच दिसस." खरंय. श्रावणात काढलेल्या फोटोंवरून अशा कामाचा निकाल देऊच नये.

कोळशाच्या खाणीची फूटपट्टी इथे लावू नका. उघड्या कोळसा खाणीत वरचा दगड-मुरूम काढून ढीग घालतात, कोळसा संपला की तोच खड्ड्यात लोटतात आणि वर राखून ठेवलेली माती पसरतात. त्याचा आराखडा आणि एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामाशिवाय काढता येत नाहीत अशा खात्यात, पैसे ठेवणं केंद्राने २००९ मध्ये बंधनकारक केलं. आपल्या खदानीतला काळा दगड मात्र क्रशरमधून कधीच रस्त्यावर गेला. भरायला काही उरलेलंच नाही, म्हणून खड्डा राहणारच. बघायचं ते माती, पाणी आणि काठ.

माती खुरप्याने उकरून बघा. इथे वीतभर गाळमातीखाली थेट मुरूम लागला. गुलमोहर वाळून गेलेत. कडुनिंब तग धरून आहे, पण मला खरा आनंद दिला तो अंजनाने. सातपुड्याच्या पायथ्याचं हे झाड खडकाच्या फटींतून मुळं खोल नेतं, आणि त्याचा पाला गुरं खातात. रोपवाटिकेत अंजनच मागा, पहिली दोन-तीन वर्षं त्याची वाढ दिसली नाही तरी धीर सोडू नका.

खड्ड्यातल्या पाण्यावर भुलू नका. अखंड पाषाणातून पाणी मुरत नाही, फक्त भेगांतून झिरपतं. शेजारच्या विहिरींची पातळी दोराने मोजा, दिवाळीनंतर एकदा आणि मेमध्ये एकदा. पुनर्भरण, म्हणजे पाणी जमिनीत मुरून विहिरींना मिळणं, होतंय की नाही ते तिथेच कळेल.

सकाळी लवकर जा, दहाच्या आत आवरा. नंतर दगड तापून उभं राहवत नाही. पारोळ्यापर्यंत एसटी भरपूर आहेत, पुढे रिक्षा ठरवा. ग्रामपंचायतीला आधी सांगा, सातबाऱ्याची प्रत घ्या आणि खाणपट्ट्याची (दगड काढायच्या परवान्याची) मुदत तहसीलमध्ये विचारा. जमीन गायरान की खासगी, यावर देखभाल कोणाची ते ठरतं.

कडेला मात्र उभं राहू नका. सुरुंगांनी खिळखिळा झालेला दगड वरून धड दिसतो. पूर्वेची कड पायऱ्यांनी उतरती केली आहे, पश्चिमेची अजून सरळ उभी आहे आणि तिथलं कुंपण तुटलंय. सुट्टीत पोरं त्याच बाजूने पोहायला उतरतात. ते कुंपण पावसाआधी व्हायलाच हवं. आम्ही ग्रामसेवकांना तसं लेखी दिलं आहे. तुम्ही गेलात तर आधी तेच बघा, आणि झालं नसेल तर तुमचाही अर्ज द्या.